मोहदरीचा घाट आणि गुलाबांची गाडी

करंट दिसत नाही, ही आमच्या धंद्यातली पहिली पंचाईत. पेट्रोल गळलं तर वास येतो, ऑइल गळलं तर फरशीवर डाग पडतो, पंक्चर तर लहान पोरालाही कळतं. करंटचं तसं नाही. तो तारेत आहे की नाही हे गिऱ्हाइकाला पटवायचं म्हणजे भुताला साक्षीला बोलावण्यासारखं. नाशकात द्वारकेजवळ आग्रा रोडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. डायनॅमो, सेल्फ, बॅटरी, दिवे, हॉर्न, जिथे म्हणून तार जाते तिथे मी. लोक मला वायरमन म्हणायचे आणि काम झालं की हमखास एक वाक्य ऐकवायचे, "नुसती एक तार तर जोडली की हो!" मी म्हणायचो, हो, एकच जोडली. दोन जोडल्या असत्या तर गाडी पेटली असती.

संपादकांनी सांगितलंय, गमतीदार गिऱ्हाइकांवर लिहा. गमतीदार म्हणाल तर सिन्नरचा एक जीपवाला होता. त्याची जीप डावीकडे वळली की हॉर्न आपोआप वाजायचा. स्टिअरिंगच्या नळीत तार घासून उघडी पडली होती. मी काम चोख करून दिलं, तर आठवड्याने हा पुन्हा दारात. "वायरमन, हॉर्न व्हता तसा करून द्या. फाट्यावर वळलो का तो वाजायचा अन् वाडीतली माणसं पळत यायची. आता मी आलेलो कुनाला कळतच नाय." उघडी तार काही मी ठेवणार नव्हतो. डॅशबोर्डखाली एक मोठं जादा बटण बसवून दिलं, तेव्हा कुठे स्वारी खूश झाली.

असली माणसं पुष्कळ आठवतात. पण हल्ली दुपारी जरा आडवा झालो की डोळ्यांपुढे येते ती एकच गाडी. त्यातलं खरं किती आणि इतक्या वर्षांत मी मनाने रंगवलेलं किती, ते आता मलाही सांगता येणार नाही. पहाट फुटतेय, थंडीचे दिवस आहेत, गोदावरीवरचं धुकं आग्रा रोडपर्यंत आलंय, आणि त्या धुक्यातून सगळ्यांत आधी वास येतो. गुलाबांचा. मग आवाज, खर्जातला, एकसारखा. आणि मग बाटलीच्या काचेसारख्या हिरव्या रंगाची, बिनटपाची, बुटकी, लांब नाकाची विलायती गाडी समोरून जाते. चालवणाऱ्याच्या डोक्याला मफलर, आणि शेजारच्या सीटवर, मागच्या फळीवर, जागा मिळेल तिथे ओल्या गोणपाटात बांधलेल्या गुलाबांच्या टोपल्या. गाडी निघून गेली तरी रस्त्यावर तो वास थोडा वेळ तसाच राहायचा. मी शटर अर्धं वर करून तसाच उभा राहायचो.

चालवणारे ते मखमलाबादचे दगूभाऊ. पिढीजात फुलशेती, गुलाब आणि निशिगंध. देवळालीला एका लष्करी साहेबाच्या बंगल्यावर ते रोज फुलं द्यायचे. साहेब देश सोडून जायला निघाला तेव्हा जाता जाता ही गाडी दगूभाऊंच्या गळ्यात मारून गेला. शर्यतीत पळावी म्हणून बनवलेली गाडी, सहा सिलिंडरची. आणि दगूभाऊ तिच्यातून नाशिकरोड स्टेशनला मुंबईच्या गाडीवर फुलं चढवायला न्यायचे! गावाने आधी तोंडात बोटं घातली, मग सवय झाली. ऐंशी सालाच्या आसपास मी तिला ओळखायला लागलो, तोवर ती म्हातारी झाली होती.

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गॅरेजच्या ओळीत प्रत्येकाची हद्द ठरलेली होती. माझ्या शेजारी करीमभाई, इंजिनमिस्त्री. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल जाईल तिथे करीमभाई, आणि बॅटरीपासून प्लगपर्यंत करंट जाईल तिथे मी. दुसऱ्याच्या हद्दीत पाना घालायचा नाही. घातला तर तो शिवी दिल्यासारखा अपमान. आम्ही दोघं एका डब्यात जेवायचो, ईदला मी त्यांच्याकडे आणि भीमजयंतीला ते आमच्या कॉलनीत, पण बॉनेटखाली सरहद्द म्हणजे सरहद्द.

दगूभाऊंची गाडी गेली कित्येक वर्षं करीमभाईंच्या हद्दीत आजारी होती. तक्रार एकच. तापली की बंद पडायची. सपाटीला निभावून जायची, पण चढाला लागली की खोकायला लागायची, आणि फुलं घेऊन सिन्नरच्या बाजाराला निघाली की मोहदरीच्या घाटातच बसायची. थोड्या वेळाने पुन्हा चालू. करीमभाईंचं निदान पक्कं होतं, "गर्मीनं पंपात पेट्रोलची वाफ होते, भाई. पंप थंडा करा." त्या काळी नाशकातल्या कुठल्याही ड्रायव्हरने तुम्हाला हेच सांगितलं असतं. उन्हाळ्यात बॉनेट उघडून इंजिनच्या पंपावर ओलं फडकं घातलेल्या गाड्या जागोजागी दिसायच्या. दगूभाऊंकडे तर गुलाबांचं ओलं गोणपाट हाताशीच असायचं. गाडी बंद पडली की एक टोपली सोडायची, गोणपाट पंपावर घालायचं, विडी ओढायची, सेल्फ मारायचा. गाडी चालू! उपाय लागू पडतोय म्हटल्यावर रोगाबद्दल शंका कोण घेणार? माझ्याकडे ती फक्त बॅटरी चार्ज करायला यायची.

मग एका थंडीत दगूभाऊ दुकानात आले आणि स्टुलावर बसून राहिले. चहा आला, गार झाला.

"वायरमन, गाडी मोहदरी चढली पाह्यजे. एकदाच."

त्यांची बायको, गोदावहिनी, हृदयाने आजारी होती. लहानपणच्या कसल्याशा तापाने हृदयाची झडप खराब झाली होती आणि आता मुंबईला ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, करून बघू, भरवसा देत नाही. वहिनींचं माहेर घाटाच्या वर, सिन्नरच्या अलीकडे, रस्त्याला लागून. मुंबईला जायच्या आधी त्यांना एकदा माहेरी जायचं होतं, आणि तेही ह्या गाडीतून.

"मोटार भाड्यानं करतो म्हनलं, तर नाय म्हनती. तुमच्या गाडीतूनच. थोरला पोरगा म्हनतो, आबा, घाटात बंद पडली तर आईला कुठं ठेवनार तुम्ही? चढ चालायचा नाय तिला, दगदग सोसायची नाय. खरं हाय त्याचं. पन वायरमन, तिनं आजवर काय मागितलंच नाय हो कधी."

एवढं बोलून ते चपलेकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी करीमभाई आणि मी मखमलाबादला गेलो. मळ्यातलं घर, पुढे ओटा, ओट्यावर बाज, बाजेवर उशाला टेकून गोदावहिनी. बारीक झालेल्या, पण डोळे टपोरे आणि जीभ धारदार. समोर अंगणात गाडी. मी विचारलं, "वहिनी, इतकी वर्षं गाडी दारात, तुम्ही बसला नाहीत कधी?"

"कुठं बसू भाऊजी? माझ्या जागंवर गुलाब बसतात. अन् सासूबाई होत्या तवर घरची सून बिनटपाच्या गाडीत म्हटलं तर गाव गोळा झालं असतं. मग सासूबाई गेल्या, तर मीच अशी पडले. सवत बघा माझी, दारात उभी राहून मलाच हसती."

दगूभाऊ ओशाळून रेडिएटरमध्ये पाणी घालायला गेले.

आजार डोळ्यांसमोर झाल्याशिवाय औषध कळत नाही आणि आमच्या धंद्यात मिस्त्रीसमोरची गाडी नेहमी शहाण्यासारखी वागते. म्हणून आम्ही पुढची जाळी पोत्याने झाकली, वारा बंद केला आणि इंजिन चालू ठेवलं. मळ्यात निशिगंध फुलला होता, त्याचा वास आणि तापलेल्या ऑइलचा वास एकमेकांत मिसळून डोक्यात गुंगी चढत होती. बराच वेळ गेला. मग इंजिन एकदा ठसकलं, पुन्हा ठसकलं, आणि बसलं. करीमभाईंनी गोणपाट भिजवून, घट्ट पिळून, पंपावर नीट बसवलं. थांबलो. सेल्फ मारला. काही नाही. पुन्हा थांबलो. पुन्हा काही नाही.

"करीमभाई, पिळू नका," वहिनी बाजेवरून म्हणाल्या.

"काय भाभी?"

"गोणपाट पिळू नका. ह्यांना घाई असती तेव्हा हे निथळतंच टाकतात, तेव्हा गाडी लगेच चालू होती. पिळून टाकलं का होत नाय. स्टेशनवरून तापून आली का अंगणातबी बंद पडती, मी रोज हितं पडून बघती ना. पाणी त्या पंपावर थांबतच नाय, खाली ओघळून त्या काळ्या डब्यावर पडतं. आम्हाला सवय असती बघायची, पाणी पानावर पडलं का मुळाशी गेलं."

करीमभाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. पंपाच्या शेजारी, जरा खालच्या अंगाला, इंजिनलाच पट्टीने आवळलेला तो काळा डबा म्हणजे इग्निशन कॉइल. तो माझ्या हद्दीतला होता.

कॉइल म्हणजे काय, तर पाणी प्यायच्या लोट्याएवढा एक बंद डबा. आत तेल, आणि तेलात तारेचे दोन वेढे, एक जाड तारेचा, दुसरा केसासारख्या तारेचा, हजारो फेऱ्यांचा. बॅटरीचे बारा व्होल्ट एकीकडून घ्यायचे आणि दुसरीकडून हजारो व्होल्टचा झटका काढायचा, हे त्याचं काम. त्या झटक्याची प्लगमध्ये ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटतं. सहाही सिलिंडरना ठिणगी पुरवणारा हा एकच डबा, आणि गाडी पळायची तर त्याला श्वास घ्यायलाही सवड नाही. त्यात इंजिनची धग. वर्षानुवर्षं तापून तारेवरचं वेष्टण खराब होतं. गार असताना कॉइल ठीक चालते. तापली की करंट आतल्या आत फुटतो, बाहेर यायला ताकदच उरत नाही. गार झाली की पुन्हा शहाणी. लक्षणं हुबेहूब पंपासारखी, आणि पंप शेजारीच, म्हणून इतकी वर्षं पंपाच्या औषधाने कॉइल बरी होत होती.

मी डब्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला. मधली जाड तार काढून बॉडीपासून थोड्या अंतरावर धरली, दगूभाऊंना सेल्फ मारायला सांगितला. ठिणगी पडली, पण पिवळी, बारीक, आजारी. मग पंप कोरडा ठेवला आणि फक्त कॉइलवर तांब्याभर पाणी सोडलं. डबा चरचरला. थोडा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा तार धरली. टक्क! निळी, जाड ठिणगी, लांब उडी मारून गेली. तार जागेवर बसवली, पहिल्याच सेल्फला इंजिन गुरगुरलं.

"बेचारा पंप!" करीमभाईंनी कपाळावर हात मारला. "दोनदा पोट फाडलं मी त्याचं!"

गोदावहिनी इतक्या हसल्या की त्यांना धाप लागली. दगूभाऊ धावत ओट्यावर गेले आणि हातातलं गोणपाट तसंच घेऊन त्यांना वारा घालायला लागले. ते बघून आम्हीही हसलो.

विलायती कॉइल मिळणं शक्य नव्हतं, पण बारा व्होल्टची देशी कॉइल चालते. एक मेख मात्र असते. त्या जुन्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, आपल्याकडे मायनस. कॉइलच्या दोन तारा सवयीने जोडल्या तर गाडी चालू होते, गल्लीत झकास फिरते आणि घाटात दम सोडते, कारण ठिणगी उलट्या दिशेने पडते. ते ओळखायची जुनी युक्ती म्हणजे शिसपेन्सिल. प्लगची तार आणि प्लग यांच्या फटीत पेन्सिलचं टोक धरायचं. ठिणगीचा नारिंगी पिसारा प्लगच्या बाजूला फुलला तर बरोबर, तारेच्या बाजूला फुलला तर उलट. मी तारा लावल्या, संध्याकाळच्या अंधुक उजेडात पेन्सिल धरली, आणि तो एवढासा पिसारा प्लगच्या बाजूला फुललेला बघून मला भान राहिलं नाही. जन्मभर न दिसणारी वस्तू दिसली की असं होतं. कॉइल इंजिनवरून काढून पुढे, वारा लागेल अशी बाजूच्या पत्र्यावर बसवली. सहाही प्लगना ठिणगी वाटून देणारी डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि प्लगच्या ताराही बदलल्या. मग दगूभाऊंना घेऊन मोहदरी चढून आलो. वर पोचल्यावर ते स्टिअरिंगवरून हात फिरवत राहिले.

आणि मग तो दिवस. थोरल्या मुलाने तोंड फुगवून का होईना, शेजारच्या सीटवरचं फूटभर वाळलेलं गोणपाट आणि पाकळ्यांचा चुरा झाडून काढला. गोदावहिनी जांभळं लुगडं नेसून, पदर कानांवरून घट्ट बांधून, एक एक पायरी उतरत आल्या. गाडीचं दार उघडून दगूभाऊ शाळेतल्या पोरासारखे ताठ उभे. बसल्यावर वहिनींनी सीटवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "सवत मऊ हाय."

करीमभाईंच्या मोटारसायकलवर आम्ही दोघं मागे. माझ्या पिशवीत जादा कॉइल आणि पाण्याचा कॅन. पंचवटी, द्वारका, नाशिकरोड, मग शिंदे, पळसे. कोवळं ऊन, दोन्ही बाजूंना हिरवी शेतं, आणि पुढे ती हिरवी गाडी तरंगत चाललेली. वहिनींच्या पदराचं टोक वाऱ्यावर फडफडत होतं. घाट लागला. मी कान टवकारले. वळणामागून वळण, चढामागून चढ, सहाच्या सहा सिलिंडरचा एकच भरघोस सूर. करीमभाई पुढून ओरडले, "सुनो भाई, सुनो! गातीये!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यामुळे आलं असं मी तेव्हा सांगितलं.

वर माहेरच्या फाट्यावर त्यांचा भाऊ, भावजय, पोरंबाळं उभी. भावजयीच्या हातात ओवाळून टाकायला भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या. गाडी हळू झाली. वहिनींनी सगळ्यांकडे बघून हात हलवला, भावाच्या पसरलेल्या हाताला हात लावला, आणि मग दगूभाऊंना पुढची खूण केली. चला. गाडी थांबलीच नाही. वेग घेत ती सिन्नरच्या दिशेने गेली, लहान झाली, माळावरच्या उन्हात विरघळली. भावजय तांब्या घेऊन तशीच उभी.

"कुठं गेली ही?" भाऊ म्हणाला.

कुणाला माहीत! आम्ही मोटारसायकल लावून रस्त्याकडेला बसलो. तिथून दूरवर आवाज येत राहिला, कधी येतोय असं वाटायचं, कधी बंद. ऊन चढलं, माहेरच्यांनी आम्हाला पिठलंभाकरी खाऊ घातली. मग कधीतरी तो सूर पुन्हा जवळ आला. वहिनींचा पदर सुटला होता, केस मोकळे उडत होते आणि त्या दगूभाऊंकडे तोंड करून काहीतरी बोलत होत्या, हातवारे करून, सारख्या बोलत होत्या. फाट्यावर पुन्हा हात हलवला. पुन्हा थांबल्या नाहीत. माहेर नुसतं निमित्त होतं. घाटात गाडी दिसेनाशी झाल्यावर करीमभाई म्हणाले, "कॉइल बढिया लागली, भाई." मीही मनात तेच म्हणत होतो.

गोदावहिनी मुंबईहून परत आल्या नाहीत.

उन्हाळा लागल्यावर दगूभाऊ एका सकाळी गाडी घेऊन दुकानात आले. शेजारची सीट रिकामी. टोपल्या सगळ्या मागे बांधलेल्या. मला वाटलं, काही बिघडलं असेल. बॉनेट उघडलं, कॉइलला हात लावून बघितला. उत्तम.

"काय झालं दगूभाऊ?"

"काय नाय. मस्त चालती." ते स्टुलावर बसले. "त्या दिवशी ती येताजाता बोलतच व्हती, वायरमन. एवढं बोलताना मी तिला कधी बघितलं नाय. पन बिनटपाची गाडी, वारा, इंजिनाचा आवाज, मला एक अक्षर ऐकू आलं नाय. मी आपला हूं हूं करत ऱ्हायलो. म्हनलं, गाडी कुठं थांबली का विचारू."

"मग घरी आल्यावर विचारायचं ना."

"विचारलं. हसली. म्हनली, आता काय, ते वाऱ्यावर गेलं."

कॉइल पुसायचं काही कारण नव्हतं, तरी फडक्याने पुसत राहिलो. दगूभाऊ उठले, गाडीच्या लांब नाकावर हात ठेवून उभे राहिले.

"काम तुमचं चोख. तुम्हाला नावं ठेवत नाय मी. पन इतकी वर्षं ही गाडी घाटात बंद पडली, तिथं मी एकला बसून विड्या ओढल्या. ती शेजारी व्हती त्या दिवशी एकदा तरी बंद पडायला पाह्यजे व्हती, वायरमन."